सहावीला ‘संपणारी संसाधनं’ शोधातून शिकवायची आहेत: ४८ मुलं, सहा तास, प्रयोगशाळा नाही

ऐरोली_सहावी
नमस्कार. मराठी माध्यम, सहावीच्या दोन तुकड्या, प्रत्येकी ४८ मुलं, ३५ मिनिटांचा तास. नैसर्गिक संसाधनं आणि त्यांचं संवर्धन यासाठी सहा तास हातात आहेत. धडा वाचून प्रश्नोत्तरं लिहून घेणं नको आहे. घोषवाक्यं आणि चित्रांचे तक्तेही नकोत.

मूळ अडचण अशी. ‘पाणी का वाचवायचं?’ असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ‘कारण पाणी मर्यादित आहे’ म्हणतो. ‘कशावरून?’ म्हटलं की सगळे गप्प. जी मुलं खरंच विचार करतात ती म्हणतात, ‘मोरबे धरण तर दर पावसाळ्यात भरतं, मग पाणी संपेल कसं?’ हा प्रश्न मला दडपायचा नाही, उलट त्यातूनच सुरुवात करायची आहे.

चार गोष्टी विचारायच्या आहेत.
१. खाणकामाचा खेळ चिक्कीतून शेंगदाणे काढून घेतात असं ऐकलं आहे. पण मुलं चिक्की खातात आणि मोजणी राहूनच जाते. दुसरं काय वापरावं?
२. शाळेतलं पाणी मोजायचं तर नेमकं कसं? आकडे दर वेळी वेगळे येतात.
३. मोरबेच्या प्रश्नाला वर्गात करता येईल असा एखादा प्रयोग आहे का?
४. आकारिक मूल्यमापनात यातलं काय धरावं?

खर्च एका तुकडीला पाचशे रुपयांच्या आत बसावा.

पारसिक_कडा
मॅडम, चिक्की सोडून द्या. खाऊ समोर असला की मुलांचं लक्ष खाऊवरच राहणार. क्रश सँड आणि मणी घ्या. जवळपास बांधकाम चालू असेल तर वाळू फुकट मिळते. नदीची आणि खाडीची रेती हवी तेवढी उपसता येत नाही म्हणूनच बांधकामाला दगड दळून केलेली ही वाळू आली. त्यामुळे परातीत जे भरलं आहे त्यावरच शेवटच्या तासाला चर्चा करता येईल.

सहा-सहा मुलांचे आठ गट करा. प्रत्येक गटाला एक परात, दोन किलो वाळू, एक प्लास्टिकचा चमचा आणि चार-पाच मिलिमीटरचे शंभर मणी द्या. साठ मणी भडक रंगाचे, चाळीस राखाडी किंवा काळे, वाळूत मिसळून जातील असे. वाळू आदल्या दिवशी दोनदा धुऊन गाळ काढून टाका. नाही धुतली तर बारीक भुकटी डोळ्यांत आणि नाकात जाते. मग वाळवा आणि खेळाच्या आधी दोन किलोला साधारण १०० मिली पाणी शिंपडून कालवा. हे पाणी फार महत्त्वाचं. कोरडी वाळू परातीत हलली की बारीक कण मण्यांच्या खाली सरकतात आणि मणी आपोआप वर येतात. मग पहिल्याच फेरीत सत्तर-ऐंशी मणी हाती लागतात आणि पुढे खेळात काही उरत नाही. ओलसर वाळूत मणी जिथल्या तिथे राहतात. थर चार सेंटिमीटरपेक्षा जाड नको, मणी नीट मिसळून वरून सपाट करा.

दोघं खोदणार, एक घड्याळ बघणार, एक मोजणार, एक लिहिणार आणि एक नियम पाळले जातात का ते पाहणार. फेरी साठ सेकंदांची. खोदणाऱ्याने एकच हात वापरायचा, वाळू परातीबाहेर काढायची नाही, परात हलवायची नाही. सापडलेले मणी वाटीत, परत टाकायचे नाहीत. पाच फेऱ्या. मोजणीसकट पंधरा मिनिटं जातात, वाटप आणि आवराआवरीला दहा. आलेख त्याच तासात काढायला जाऊ नका, सगळी घाई होते.

आता शोधाचा भाग. दुसरी फेरी झाली की थांबवा. पाचव्या फेरीत किती मिळतील ते प्रत्येकाने वहीत पेनाने लिहायचं, खोडायचं नाही. समजा ३३ आणि २२ मिळाले, तर बहुतेक मुलं ‘११ कमी झाले’ असं धरून पुढे ११ आणि मग शून्य म्हणतात. प्रत्यक्षात दर फेरीला उरलेल्यातले साधारण एक तृतीयांश मिळत गेले तर ३३, २२, १५, १०, ७ असे आकडे येतात. म्हणजे पाच फेऱ्यांनंतरही १३ मणी वाळूतच असतात, आणि त्यात बहुतेक राखाडी. अंदाज का चुकला, हा प्रश्न मग मुलं स्वतःच विचारतात.

दुसऱ्या खेळात एक नियम वाढवा: प्रत्येक फेरी चालवायला पाच मणी ‘इंधन’ म्हणून भरायचे. पाचव्या फेरीत सात मिळाले आणि पाच भरले, हाती दोन. सहाव्या फेरीत चारच मिळतील आणि पाच जातील. मण्यांसकट खाण बंद! संपणं म्हणजे शून्य होणं नव्हे, काढायला परवडेनासं होणं, हे इथे हाताने कळतं. तेलाच्या आणि खनिजांच्या बाबतीत हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि पाठ्यपुस्तकी व्याख्येत तोच निसटतो.

एकच सावधगिरी. हा नियम पहिल्याच खेळात घालू नका. मुलं हिशेबात अडकतात आणि घट कशी होते तिकडे लक्ष जात नाही.

मग खिडकीतून पारसिकचा डोंगर दाखवा. या रांगेतल्या दगडखाणींचे कापलेले कडे मुलांनी पाहिलेले असतात. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वर्गाची लांबी-रुंदी मुलांकडून मोजून घ्या. ८ मीटर बाय ६ मीटर आणि स्लॅब साडेबारा सेंटिमीटर जाड धरला तर ६ घनमीटर काँक्रीट होतं. एका घनमीटरला साधारण १.१ ते १.२ टन खडी लागते, म्हणजे डोक्यावरच्या एका छतात सुमारे सात टन दगड. ३५ किलोचं मूल धरलं तर दोनशे मुलांचं वजन. मग विचारा: डोंगर एवढा मोठा आहे, मग दगड ‘संपणारा’ का म्हणायचा? उत्तर देऊ नका. फळ्यावर दोनच रकाने आखा, ‘किती वेगाने तयार होतो’ आणि ‘किती वेगाने काढतो’. पुढचे सगळे तास याच दोन रकान्यांत चालवा. ‘संपणारं’ आणि ‘न संपणारं’ असे वस्तूंचे दोन गट नसतात, प्रश्न वेगाचा असतो. मुलांच्या मनात एवढं एक बसलं तरी सहा तास सार्थकी लागले.

नळ_आणि_बादली
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आकडे वेगळे येतात ते मुलांच्या चुकीमुळेच असं नाही. टाकी भरलेली असताना नळाचा जोर जास्त असतो, मधल्या सुटीनंतर कमी. तळमजल्यावरचा नळ आणि तिसऱ्या मजल्यावरचा नळही सारखा नसतो. म्हणून एकाच नळाचं मोजमाप सकाळी, सुटीच्या आधी आणि सुटीनंतर, प्रत्येक वेळी तीनदा घ्या. तिन्ही आकडे लिहून ठेवायचे, मधला धरायचा. ‘बरोबर आकडा कोणता?’ असं मुलांनी विचारलं तर ‘फरक का पडला ते शोधा’ म्हणा. धडा तिथेच आहे.

साधनं: एक लिटरची पाण्याची बाटली, मोबाइलवरचं सेकंदाचं घड्याळ, खोकल्याच्या औषधासोबत येणारं मापाचं झाकण. बाटली भरायला ६ सेकंद लागले तर मिनिटाला १० लिटर. त्या वेगाने नळ उघडा ठेवून ४० सेकंद हात धुतले तर जवळजवळ ६.७ लिटर. तीन सेकंद ओले करून नळ बंद, साबण, मग दहा सेकंद धुणं, असं केलं तर १३ सेकंदांचं २.२ लिटर. फरक साडेचार लिटर, ४८ मुलांचा २१६ लिटर. मात्र साबण चोळायचा वेळ कमी करायचा नाही, हे आधीच सांगा. पाणी वाचवण्याच्या नादात मुलं हात धुणंच टाळायला लागली तर भलतंच होऊन बसेल.

गळक्या नळात सगळे फसतात. ‘वीस थेंबांचा एक मिली’ हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते ड्रॉपरच्या थेंबाचं माप. थेंब किती मोठा होणार ते तोंडाच्या रुंदीवर अवलंबून असतं. नळाचं तोंड रुंद, म्हणून थेंब बराच मोठा. मुलांना झाकण धरून ५ मिली भरायला किती थेंब लागले ते मोजू द्या. २५ लागले तर एक थेंब ०.२ मिली. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. नळाच्या थेंबाने १७ लिटरच्या वर, ड्रॉपरच्या थेंबाने ४.३ लिटर. तोच नळ, उत्तर चौपट! पुस्तकातला आकडा आणि स्वतः मोजलेला आकडा यांत एवढी तफावत मुलांना क्वचित दिसते, तेव्हा घाईने पुढे जाऊ नका.

शाळेचा एकूण वापर काढायचा असेल तर जमिनीखालची टाकी बघा. आतून २ मीटर बाय दीड मीटर असेल तर पातळी १ सेंटिमीटर उतरली की ३० लिटर गेले. पट्टी लावलेली काठी शिपाईमामांनी किंवा शिक्षकांनीच बुडवायची, मुलांनी फक्त वाचायचं. टाकीचं झाकण मुलांनी उघडायचं नाही, गच्चीवरच्या टाकीकडे तर न्यायचंच नाही. पालिकेचं पाणी चालू असताना घेतलेली नोंद निरुपयोगी, कारण वरून भरत असतं. पाणी कधी येतं ते शिपाईमामांना विचारून ती वेळ टाळा. पंप कधी लावला तेही टिपा, नाहीतर वरच्या टाकीत चढवलेलं पाणी ‘वापर’ म्हणून मोजलं जातं.

ताडून बघायला भारतीय मानकातला आकडा आहे: दिवसाच्या शाळेसाठी माणशी ४५ लिटर, शहरातल्या घरासाठी माणशी १३५ लिटर. शाळेचा आकडा ४५ पेक्षा बराच कमी निघेल. तेव्हा ‘आपण चांगले’ म्हणून थांबू नका. शौचालयात पाणी पुरतं का, मुली दिवसभर पाणी पिणं टाळतात का, हेही विचारात घ्या. कमी वापर म्हणजे नेहमी बचत नसते.

जोडीला पावसाचा हिशेब. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, हे मुलांना पत्र्याच्या डब्यातून काढू द्या. आपल्याकडे मोसमात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. छत ३०० चौरस मीटरचं असेल तर सहा लाख लिटर. त्यातलं ८० टक्के हाती लागलं तर ४ लाख ८० हजार. हजार मुलांच्या शाळेला ४५ लिटरच्या हिशेबाने ते पुरतं दहा-अकरा दिवस. अख्खा पावसाळा आणि दहा दिवस! इथे ‘पाऊस खूप पडतो’ आणि ‘पाणी खूप आहे’ या दोन गोष्टी मुलांच्या डोक्यात वेगळ्या होतात.

खाडीकाठ
मोरबेसाठी बाटलीतलं धरण करा. मी सोबत महिन्यांचा पूर्ण हिशेब देतो आहे, तो आधी घरी एकदा पाण्याने करून बघा.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली गळ्याशी कापा. तळ उंचसखल असतो म्हणून पट्टीने खुणा करू नका. शंभर-शंभर मिली पाणी ओतून दर वेळी पातळीवर खूण करा. १००० मिलीच्या खुणेवर तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा, तो सांडवा. भोक चांगलं बोटभर रुंद हवं, बारीक असलं तर पाणी वर चढत राहतं. ही कामं शिक्षकांची. पाणी घालायला-काढायला मेडिकलमध्ये मिळणारी ५० मिलीची बिनसुईची सिरिंज, आणि बारीक हिशेबाला १० मिलीची.

एक फेरी म्हणजे एक महिना. सुरुवात जूनला, बाटलीत १५० मिली. जून ते सप्टेंबर दर महिन्याला ४०० मिली पाऊस. शहर दर महिन्याला १०० मिली घेतं, पावसाळ्यात ते त्या महिन्याच्या पावसातूनच आधी वजा करून उरलेलं बाटलीत घालायचं. ऑक्टोबर ते मे दर महिन्याला आणखी १० मिली बाष्पीभवनाचे. जूनअखेर ४५०, जुलैअखेर ७५०, ऑगस्टमध्ये सांडवा वाहतो, सप्टेंबरअखेर १०००. पुढचे आठ महिने ११० प्रमाणे ८८० जातात आणि मेअखेर १२० उरतात. सगळं ठीक.

आता शहर वाढलं, दर महिन्याला १२० मिली. बाकी काही बदलायचं नाही, सुरुवात पुन्हा १५० पासून. सप्टेंबरअखेर धरण याही वेळी १००० ला काठोकाठ. पण दर महिन्याला १३० जाऊ लागल्यावर एप्रिलअखेर ९० उरतात आणि मे निघत नाही. पाऊस तोच, धरण दोन्ही वर्षी भरलेलं, तरी एका वर्षी मे कोरडा. ‘मोरबे भरतं मग संपेल कसं’ या प्रश्नाचं उत्तर मुलांच्या समोरच्या बाटलीत असतं.

इथून पुढे कपातीचा प्रश्न द्या: मे काढायचा तर कपात कधीपासून आणि किती? ऑक्टोबरपासून केली तर महिन्याला ५ मिली पुरतात. फेब्रुवारीपर्यंत थांबलात तर १० लागतात. एप्रिलपर्यंत थांबलात तर २०. एकेका गटाला एकेक महिना वाटून द्या आणि आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. उशीर केला की कपात दुप्पट होते, हे सांगायची वेळच येत नाही.

आणखी दोन बदल वेळ असला तर. जून कोरडा गेला, म्हणजे ० मिली, तर १२० पासून सुरू झालेलं, महिन्याला १०० घेणारं धरण सप्टेंबरला ९२० वरच थांबतं. दुसरा बदल मृत साठ्याचा: १०० मिलीच्या खालचं पाणी काढता येत नाही असा नियम करा. मग पहिल्या वर्षी उरलेल्या १२० मधले वापरायला फक्त २०. वर्तमानपत्रात ‘धरणात इतके टक्के साठा’ वाचताना तो उपयुक्त साठा की एकूण, हे मुलं मग आपणहून बघतात.

बाटलीची एक मर्यादा मुलांना सांगा. बाटलीच्या भिंती सरळ आहेत. खऱ्या धरणाचा जलाशय वर पसरट आणि खाली अरुंद असतो, त्यामुळे शेवटच्या मीटरांत पाणी पातळीवरून वाटतं त्याहून बरंच कमी असतं.

शाळेच्या नळाला कुठलं पाणी आहे हे गृहीत धरू नका. मोरबे धरण खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे आणि ते नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. पण सगळीकडे तेच येतं असं नाही, एमआयडीसीचं म्हणजे बारवीचं पाणीही शहरात येतं. विभाग कार्यालयात विचारून यायचं काम दोन मुलांना पालकांसोबत द्या. ठाणे शहरातल्या शिक्षकांनी भातसा घ्यावं.

भातसा घेतलंत तर एक प्रश्न टाळू नका. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात. पाऊस भरपूर, पण काळ्या पाषाणात पाणी फारसं मुरत नाही, उतारावरून वाहून जातं, आणि धरणातलं पाणी शहराकडे नेणाऱ्या वाहिन्यांत जातं. ‘पाणी कोणासाठी मर्यादित?’ हा प्रश्न सहावीला झेपतो. त्याचं उत्तर तासात पूर्ण होणार नाही, तसंच वहीत उघडं राहू द्या.

नळ_आणि_बादली
खाडीकाठ, बाटलीचा हिशेब सुरेख आहे. एक भर घालतो. बाष्पीभवनाचे १० मिली सिरिंजने काढताना मुलं ते ‘शहराच्या’ भांड्यात ओततात आणि शेवटी बेरीज जुळत नाही. त्यासाठी वेगळी वाटी ठेवा. सांडव्याचं पाणी झेलायलाही खाली ताट हवंच. शेवटी तिन्ही भांड्यांतलं आणि बाटलीतलं पाणी मोजून जेवढं घातलं तेवढं भरतं का ते बघायचं. पाच-सात मिलीचा फरक चालतो, पन्नासचा आला तर कुठला तरी महिना चुकला आहे.

वर्ग_सातवा_ब
इंधनाच्या नियमावर पारसिक_कडा यांच्याशी मी सहमत आहे, पण एका गोष्टीवर नाही. वेगाचे दोन रकाने फळ्यावर शिक्षकांनी आखले तर तो शोध शिक्षकांचा झाला. आधी चण्यांचा खेळ घ्या, रकाने मुलांकडूनच येतात.

चौघांच्या मधल्या ताटलीत २४ चणे, म्हणजे खाडीतली मासळी. फेरीत प्रत्येकाने हवे तेवढे घ्यायचे, निदान एक घ्यावाच लागतो, बोलायचं नाही. फेरी संपली की उरलेले दुप्पट होतात, पण ताटलीत २४ पेक्षा जास्त मावत नाहीत. मुक्या खेळात बहुतेक ताटल्या एक-दोन फेऱ्यांत रिकाम्या होतात. दुसऱ्या डावात बोलायची परवानगी द्या. प्रत्येकी तीन घेतले की १२ उरतात आणि पुन्हा २४ होतात, हे कोणीतरी शोधून काढतंच. मग विचारा, दुप्पट व्हायला वेळच दिला नाही तर? राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ती कशासाठी, हे मुलं इथे स्वतः सांगतात. कोळीवाड्यातली मुलं वर्गात असतील तर त्यांना यातलं तुमच्या-माझ्याहून जास्त माहीत असतं, त्यांना बोलू द्या.

बिघडतं कुठे? ‘ज्याचे चणे जास्त तो जिंकला’ असं कोणीतरी ठरवून टाकतं. जिंकणं-हरणं नाही, ताटली किती फेऱ्या टिकली तेच लिहायचं, असं आधी सांगा. चणे कच्चे ठेवा, भाजलेले आणलेत तर चिक्कीचीच गत.

चण्यांनंतर मणी घेतले की मुलंच म्हणतात, ‘हे दुप्पट का होत नाहीत?’ मग रकाने आखा.

आता एक मतभेद. सगळंच शोधातून येईल असं धरू नये. खनिज तेल कोट्यवधी वर्षांत बनतं हे मूल वर्गात शोधू शकत नाही, ते सरळ सांगावं. आणि एक प्रश्न हमखास येतो: ‘तेल संपणार असं घरी कितीतरी वर्षं ऐकतात, अजून संपलं का नाही?’ यावर गडबडू नका. ‘किती वर्षं पुरेल’ हा आकडा म्हणजे आज माहीत असलेला आणि परवडणारा साठा भागिले वर्षाचा उपसा. नवे साठे सापडले किंवा किंमत वाढून महाग साठेही परवडू लागले की वरचा आकडा वाढतो, उपसा वाढला की खालचा. म्हणून उत्तर सरकत राहतं. वाळूत किती मणी आहेत हे आधी न सांगता खेळ घेतलात तर नेमकं हेच दिसतं. दुसऱ्या फेरीनंतर परातीत किती उरले असतील ते विचारा आणि शेवटी चाळणीने चाळून मोजा.

घरच्या मोजणीबद्दल कळकळीची विनंती: घरांची आपसांत तुलना करू नका. वर्गात एका मुलाकडे पाइपचा गॅस, दुसऱ्याकडे सिलिंडर, तिसऱ्याच्या वस्तीत सामायिक नळ असू शकतो. कमी वापरणाऱ्या मुलाला शाबासकी दिली तर ती त्याच्या गरिबीलाच दिल्यासारखी होते. प्रत्येकाने स्वतःच्या घराचा पहिला आणि दुसरा आठवडा ताडायचा, आकडे वहीतच ठेवायचे. सिलिंडर असेल तर लावल्याची तारीख लिहायची. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, ३५ दिवस पुरला तर दिवसाला साधारण ४०० ग्रॅम. पाइपचा गॅस असेल तर मीटरवरचे घनमीटर. दोन्हींची एककं वेगळी, ती एका आलेखात घालायची नाहीत.

मुलांवर ओझंही टाकू नका. मुलाने नळ बंद केला म्हणून धरण भरत नाही. रस्त्याखालची गळकी वाहिनी, कारखान्यांचा वापर, टाकी वाहून जाणारी सोसायटी, हे सगळं त्याच दोन रकान्यांत येतं. सोसायटीची टाकी किती मिनिटं वाहते आणि तेवढ्यात किती लिटर जातात, हे मोजून सचिवांना पत्र लिहिणं सहावीच्या मुलाला येतं.

पारसिक_कडा
चण्यांचा खेळ आधी, हे पटलं. क्रम असा धरा: पहिला तास चणे, दुसरा मणी, तिसरा आलेख आणि छताची खडी, चौथा नळ, पाचवा बाटली, सहावा मुलांचा स्वतःचा प्रश्न. टाकीच्या नोंदी पहिल्याच दिवसापासून रोज सुरू ठेवा, नाहीतर चौथ्या तासाला हातात आकडेच नसतात.

सहाव्या तासाला मुलं ‘प्रदूषण कसं थांबवावं’ असे प्रश्न आणतात. ते परत द्या. चालेल असा प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर आठवड्यात, शाळेतल्या साधनांनी, मोजून देता येतं आणि काय येईल ते आधी माहीत नसतं. ‘पाणी वाया जातं का?’ हा चालत नाही. ‘सुटीनंतर कुठल्या मजल्यावरचे नळ जास्त वेळ उघडे राहतात?’ हा चालतो. ‘कागद वाचवा’ चालत नाही. ‘आपल्या वर्गाच्या कचऱ्यात एका बाजूने कोरे कागद आठवड्याला किती ग्रॅम?’ चालतो, स्वयंपाकघरातला काटा पुरतो. बालवैज्ञानिक स्पर्धेच्या कृतिसंशोधनाला बसणाऱ्या मुलांना पुढे याचा फायदा होतो, पण त्यासाठी म्हणून हे करू नका. फाईल सजवण्यात मोजणी हरवते.

मूल्यमापनात बरोबर उत्तराला गुण नकोत. तीन गोष्टी बघा. अंदाज आधी लिहिला होता का आणि तो चुकल्यावर कारण लिहिलं का. मोजमाप एकापेक्षा जास्त वेळा घेतलं का आणि एकक लिहिलं का. ‘कशावरून?’ या प्रश्नाला स्वतःच्या नोंदीतला आकडा देता येतो का. पेनाने लिहिलेला चुकीचा अंदाज आणि त्याखाली दोन ओळींचं कारण, याला पूर्ण गुण द्या. एवढं एकदा वर्गाला कळलं की मुलं आकडे बनवणं थांबवतात.

ऐरोली_सहावी
सगळ्यांचे मनापासून आभार. बाटलीचा हिशेब घरी करून पाहिला, मे खरंच कोरडा जातो आणि ५, १०, २० हे आकडेही जुळले. दोन शंका उरल्या. आठ गटांना मिळून १६ किलो वाळू धुऊन वाळवायला पावसाळ्यात ऊन नाही. आणि ४८ मुलांना एकाच नळावर मोजणी कशी जमवायची?

पारसिक_कडा
वाळू पूर्ण वाळायची गरजच नाही. धुऊन गोणपाटावर रात्रभर निथळू द्या. मूठ दाबल्यावर गोळा झाला आणि हाताला पाणी लागलं नाही की बरोबर ओल आहे, मग वेगळं पाणी शिंपडायचं नाही. हाताला पाणी लागलं तर वाळूचे गोळे होतात आणि मणी त्यात लपतात, तेव्हा कोरडी वाळू मूठ-मूठ मिसळा. दुसऱ्या तुकडीसाठी तीच वाळू चालते. फक्त आधी चाळून मागच्या तुकडीचे मणी मोजून घ्या, शंभराचे शंभर परत भरले पाहिजेत.

नळ_आणि_बादली
एका नळावर सगळी मुलं नेऊ नका. आठ गटांना आठ वेगळे नळ वाटून द्या, प्रत्येक नळाला खडूने क्रमांक. चार गट बाहेर मोजत असताना चार गट वर्गात ५ मिलीच्या झाकणाने थेंब मोजतील, त्यासाठी बाटलीच्या झाकणाला वेगवेगळ्या जाडीच्या खिळ्यांनी भोकं पाडून ‘गळके नळ’ करून ठेवा. बारा मिनिटांनी अदलाबदल. मोजलेलं पाणी बादलीत जमा करून झाडांना किंवा फरशी पुसायला जाऊ द्या, आणि बादल्या किती भरल्या तेही लिहून घ्या. मोजायलाच किती पाणी लागलं, हे एखादं मूल विचारेल, तेव्हा आकडा तयार असलेला बरा.